तेराचे दान

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

आज स्वीडनमध्ये असलेल्या कुंगाहेल्लाचे नाव नॉर्वेच्या राजांच्या कथांत वारंवार का येते, असे तू विचारले होतेस. योता नदीच्या उत्तर फाट्यावरचे हे नगर मध्ययुगात नॉर्वेच्या हद्दीतले अगदी शेवटचे. पलीकडे स्वीडन आणि जरा दक्षिणेला, हालांडपासून, डेन्मार्क. पश्चिम समुद्रावर उतरायला स्वीडनच्या ताब्यात या नदीमुखाशी एक चिंचोळी पट्टीच होती, आणि माझ्या मते सगळ्या भांडणाचे मूळ राजांच्या मानापमानापेक्षा त्या पट्टीत आहे.

तेराव्या शतकातील आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसोन सांगतो की, इ.स. १०२० च्या सुमारास दोन्ही देशांचे राजे (दोघांचेही नाव ओलाफच!) येथे भेटले आणि समोरच्या हिसिंगेन बेटावरील एका वस्तीसाठी फासे टाकायला बसले. स्वीडनच्या राजाला बारा पडले. नॉर्वेच्या राजालाही बारा. स्वीडनला पुन्हा बारा पडल्यावर नॉर्वेच्या राजाने फासे टाकले, तर एकावर सहा आले आणि दुसरा दुभंगून त्याचे सात झाले. तेराच्या या दानावर माझा विश्वास नाही. पण ती वस्ती कधी इकडे, कधी तिकडे असे, हे मात्र त्यातून कळते.

११०१ मध्ये येथेच तिन्ही देशांच्या राजांनी तह केला आणि स्वीडनची राजकन्या मार्गारेटा नॉर्वेच्या माग्नुसला दिली. तिला ‘शांतीची कन्या’ म्हणत. दोनच वर्षांत माग्नुस आयर्लंडमध्ये मारला गेला. त्याचा मुलगा सिगुर्ड याने येथे किल्ला आणि लाकडी चर्च उभारले, आणि जेरुसलेमहून आणलेला पवित्र क्रुसाचा तुकडा, निदारोसला (आजच्या ट्रॉन्डहाइमला) ठेवण्याची शपथ मोडून, सीमेचे रक्षण होईल या आशेने येथेच ठेवला. हा निर्णय फार वाईट ठरला, असे स्नोरीने स्पष्ट लिहिले आहे. नॉर्वेत गादीसाठी यादवी चालू असताना, ११३५ च्या ऑगस्टमध्ये, बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोमेरेनियाचा शासक रातिबोर याचे वेंड (तिथल्या स्लाव लोकांचे) आरमार नदीत शिरले आणि त्याने नगर जाळले. गंमत पाहा, सीमेच्या वादाशी ज्यांचा काही संबंध नव्हता, त्यांनीच सर्वांत मोठा घाव घातला. क्रुसाचा तुकडा तेवढा एका पुरोहिताबरोबर परत आला. नगराला पूर्वीचे वैभव पुन्हा लाभले नाही.

१३०८ मध्ये जवळच बोहुसचा किल्ला बांधायला सुरुवात झाली आणि सीमेचा भार त्याच्यावर गेला. हिसिंगेनचा पश्चिम भाग मात्र नॉर्वेकडेच राहिला, तो थेट १६५८ च्या रोस्किल्डच्या तहापर्यंत.

तुझा,
माधव