कराटे क्लासची फी आणि त्यामागचा हिशोब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका पालकांचं पत्र वाचलं, मार्शल आर्टचे क्लास म्हणजे आता नुसता धंदा झालाय, दर दोन-तीन महिन्यांनी बेल्टच्या परीक्षेचे पैसे मागतात, आधीच्या काळी गुरू असं करत नव्हते, असं त्यांचं म्हणणं होतं. परीक्षेबद्दलचा त्यांचा राग मला शंभर टक्के पटतो. पण धंदा हा शब्द त्यांनी शिवीसारखा वापरलाय ते पटलं नाही म्हणून लिहितोय, कारण मी 18 वर्षं कराटे शिकवतोय आणि धंदा नीट न केल्यामुळे माझा पहिला क्लास बंद पडलेला मी स्वतः बघितलाय.

तेव्हा माझ्याकडे 40 मुलं होती. फी अगदी नावाला, ती पण कोणी दिली तर दिली, मागायची लाज वाटायची, विद्या विकतोय असं वाटायचं. हॉलचं भाडं नोकरीच्या पगारातून भरायचो. मग भाडं वाढलं, त्याच वर्षी घरात आजारपण आलं, आणि एक दिवस मुलांना समोर बसवून सांगावं लागलं की पुढच्या महिन्यापासून क्लास नाही. एक मुलगी होती, ब्राऊन बेल्टची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पट्ट्याची, परीक्षा दीड महिन्यावर आली होती, चार वर्षं एक दिवस चुकवला नव्हता तिने. ती नंतर कुठेच शिकायला गेली नाही. फी न मागून मी त्या मुलांवर उपकार केला असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात त्यांचं शिक्षण माझ्या एका पगारावर टांगून ठेवलं होतं.

आधीच्या काळी गुरू पैसे घेत नव्हते असं म्हणताना ते जगत कशावर होते हे पण बघायला पाहिजे. जुडोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका मंदिरात 12 चटयांच्या जागेत कोदोकान ही जुडोची शाळा सुरू केली, विद्यार्थी मोजून 9, पण ते स्वतः शिक्षक होते, पुढे मोठ्या अध्यापक महाविद्यालयाचे प्रमुख झाले, म्हणजे घर पगारावर चालत होतं. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी जपानच्या ओकिनावा बेटावर शाळामास्तर होते, 1922 मध्ये कराटे दाखवायला टोकियोला आले आणि तिथेच राहिले तेव्हा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोटीची आणि पहारेकऱ्याची कामं करून राहत होते. पन्नाशी उलटलेला माणूस. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, पण आजच्या प्रत्येक शिकवणाऱ्याने तसंच जगावं ही अपेक्षा मला बरोबर वाटत नाही.

आता हिशोब सांगतो, कारण तो बहुतेक पालकांना माहीतच नसतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याच सरांना पण नसतो. स्वतःचा हॉल घेतला तर भाडं चोवीस तासांचं लागतं पण कमाई होते संध्याकाळच्या तीन तासांत, कारण दिवसा मुलं शाळेत आणि मोठी माणसं कामावर. म्हणून नव्याने क्लास काढणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी तासावर जागा घ्या, दोन बॅच पक्क्या भरू द्या, मग स्वतःच्या जागेचा विचार करा. किती मुलांच्या फीमध्ये नुसतं भाडं निघतं हा आकडा तोंडपाठ पाहिजे, तो एकूण मुलांच्या अर्ध्याच्या वर गेला की एक वाईट महिना तुम्हाला बुडवायला पुरेसा असतो, आणि वाईट महिने ठरलेले असतात, परीक्षा आणि सुट्ट्या.

पण भाड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गळती. समजा दर महिन्याला 5 नवीन मुलं येतात आणि असलेल्यांपैकी 5 टक्के सोडून जातात, तर तो क्लास 100 मुलांवर येऊन थांबतो, कितीही वर्षं चालवा, कारण 100 ला पोचलं की 5 येणार आणि 5 जाणार. तीच गळती 3 टक्क्यांवर आणली तर तेवढ्याच नवीन मुलांवर क्लास 166 पर्यंत जातो, जाहिरातीवर एक पैसा जास्त न घालता. हे मला समजलं त्या दिवसापासून मी फ्लेक्स आणि सोशल मीडियाच्या जाहिराती जवळपास बंद केल्या आणि हजेरीचं रजिस्टर काटेकोर ठेवायला लागलो. एखादं मूल लागोपाठ तीन क्लासला आलं नाही की घरी फोन जातो, फीसाठी नाही, बरं आहे का विचारायला. सगळ्यात जास्त मुलं पहिल्या तीन महिन्यांत सोडतात, आणि का सोडतात ते विचारलं तर उत्तरं साधी असतात, मला काही येत नव्हतं, सर माझं नाव विसरायचे, पहिल्याच आठवड्यात मोठ्या मुलाबरोबर फाईटला उभं केलं. त्यामुळे व्हाईट बेल्टची, म्हणजे नवशिक्यांची, बॅच वेगळी ठेवली, पहिले तीन महिने स्पॅरिंग म्हणजे समोरासमोर लढतीचा सराव नाही.

ऑलिम्पिकच्या वेळी किंवा एखादा फायटिंगचा सिनेमा गाजला की ॲडमिशनची झुंबड उडते, त्या गर्दीवर भरवसा ठेवून मोठी जागा घेणारे क्लास मी बंद पडताना बघितलेत. कराटे टोकियो ऑलिम्पिकमध्ये होतं, ते 2021 मध्ये झालं, आणि 2024 च्या पॅरिसला नव्हतं. खेळ यादीत असो की नसो, भाडं दर महिन्याला द्यावंच लागतं.

आता बेल्टबद्दल. कानोंच्या सुरुवातीच्या काळात आजच्यासारखी रंगांची लांबलचक शिडी नव्हती, ती युरोपातल्या जुडोमध्ये रुजली, आणि कल्पना चांगलीच होती कारण शिकणाऱ्याला आपण पुढे सरकतोय हे दिसतं. पण महिन्याची फी मुद्दाम कमी ठेवायची आणि मग पट्ट्यावर पट्टी, पट्टीवर टेप, प्रत्येकाची वेगळी परीक्षा, वेगळं सर्टिफिकेट, असं करून पैसे काढायचे याला मी फसवणूकच म्हणतो. यात सरांचंही नुकसान आहे, कारण घर परीक्षेच्या पैशावर चालायला लागलं की कच्च्या मुलाला नापास करायची हिंमत राहत नाही. फी खरी ठेवली तरच सर मुलाच्या पालकाला शांतपणे सांगू शकतो की अजून तीन महिने थांबूया. वर्षाची फी आगाऊ घ्यायचंही तसंच. ते पैसे अजून आपले झालेले नसतात, तेवढं शिकवणं द्यायचं बाकी असतं, पण ते हातात आले की खर्च होतात आणि आठव्या महिन्यात क्लासला कुलूप लागतं.

आणि फीमध्ये काय काय असायला हवं तेही सांगतो. मॅट रोज जंतुनाशकाने पुसल्या नाहीत तर नायटा एका मुलाकडून सगळ्या बॅचला जातो. विमा पाहिजे, फर्स्ट एड येणारा माणूस हजर पाहिजे, डोक्याला मार लागून मूल गोंधळल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी परत मॅटवर नाही आणि थेट डॉक्टरकडे, मग मॅच कितीही महत्त्वाची असो. लहान मुलांच्या बॅचला दोन मोठी माणसं पाहिजेत. या दुसऱ्या माणसाच्या बाबतीत आमच्या क्षेत्रात फार अन्याय होतो, ब्लॅक बेल्ट झालेल्या पोरा-पोरींकडून सेवा म्हणून वर्षानुवर्षं फुकट शिकवून घेतात, मग त्यांना नोकरी लागते आणि ती निघून जातात, सर एकटे पडतात. माझ्याकडे शिकवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून तासाचे पैसे मिळतात, आणि आज माझ्या दोन बॅच पूर्णपणे एक माजी विद्यार्थिनी सांभाळते, मी आजारी पडलो तरी क्लास चालू राहतो.

ज्यांना खरंच परवडत नाही अशी मुलं माझ्याकडे आहेत, 15 फी देणाऱ्यांमागे एक असं धरून मी फी ठरवतो, कोण ते मी आणि त्यांचे आईवडील सोडून कोणाला माहीत नसतं.

त्या पत्रलेखक पालकांना एवढंच सुचवेन की ॲडमिशनच्या दिवशीच वर्षभराचा सगळा खर्च एका कागदावर लिहून मागा, महिन्याची फी, ड्रेस, परीक्षा किती आणि कितीच्या, मध्येच क्लास सोडला तर परत काय मिळणार. लिहून द्यायला जे सर टाळाटाळ करतील त्यांच्याकडे मुलाला घालू नका. आणि लिहून दिलेला आकडा थोडा जास्त वाटला तर त्यातला किती मॅटवर, विम्यावर आणि शिकवणाऱ्यांच्या पगारावर जातो ते विचारा, मला कोणी विचारलं तर मी वही उघडून दाखवतो.

आपला,
एक कराटे प्रशिक्षक