हार घालण्याआधी चित्र बघू द्या

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडच्या शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला निघतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पोरं रांगेनं आत जातात, मागून मास्तरांचं ‘चला, चला’ सुरू असतं आणि भिंतीवर रंगवलेला बोधिसत्त्व पद्मपाणी ‘बघून होतो’. त्याच्या हातात काय होतं, असं परतीच्या गाडीत विचारून बघा. निळं कमळ क्वचितच कुणाला आठवेल. पोरांचा दोष नाही. आत उजेड मंद, थांबायला वेळ थोडा. बघायची सवय वर्गातच लागायला हवी.

मी अंबाजोगाई तालुक्यात कलाशिक्षक होतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी पोरं वस्तुचित्र झकास काढायची, पण चितारलेल्या माणसापुढं दोन मिनिटं थांबायची नाहीत. म्हणून मी हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र फळ्याला टेकवून ठेवायचो. पुष्कळ घरांत ते रविवर्म्याचं म्हणून लावलेलं असतं. आहे सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. पण हे सगळं शेवटी सांगायचं. आधी एवढंच विचारायचं, उजेड कुठून आलाय? ज्योतीला आडोसा धरलेली बोटं लालसर का दिसतात? एका पोरानं व्हरांड्यात जाऊन उन्हापुढं पंजा धरला आणि तिथूनच ओरडला, “सर, माझी बी लाल दिसायलीत!” मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “पण बाई दिव्याकडं बघनाच की.” मग कुणाकडं बघते? यावर वर्गात असं भांडण जुंपलं की तास संपलेला कळला नाही.

‘चित्र बघून काय वाटलं?’ हे मात्र सुरुवातीला विचारू नये. पोरं गुरुजींना आवडेल तेच बोलतात.

शाळाशाळांत थोरामोठ्यांच्या तसबिरी छताला लागून टांगलेल्या असतात. जयंतीलाच खाली उतरतात. तेव्हाही कपाळावर गंध आणि झेंडूचा हार असा जाड, की हात दिसतच नाहीत. येत्या ३ जानेवारीला सावित्रीबाईंची तसबीर हार घालण्याआधी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. नजर कुठं आहे, पदर कसा घेतलाय, मुलांनाच सांगू द्या. भाषणं नंतर होतीलच, ती काही टळत नाहीत.

आपल्या बालपुरवणीतही एखादं व्यक्तिचित्र अर्धं पान भरून, नाव न देता छापावं. नाव पुढच्या आठवड्यात द्या.

— एक निवृत्त कलाशिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)