डब्यातल्या चिठ्ठ्या

सासवड,
१८ जानेवारी

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्याकडून निघताना एक गोष्ट बोलायची राहून गेली. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. वाकडचा तुमचा फ्लॅट आवडला. गॅलरीत हवा छान येते, खाली भाजीवाला आहे. फेब्रुवारीअखेर अकरा महिन्यांचा करार संपला की तू एकटीसाठी वन आरके बघणार आहेस म्हणालीस. बघ. तुला काय झेपतं, कशात बरं वाटतं, ते तुला जास्त कळतं. मला सांगायचंय ते तुमच्या फ्रीजबद्दल.

चहाला दूध घ्यावं म्हणून मी फ्रीज उघडला. आत दुधाच्या तीन पिशव्या, प्रत्येकीवर मार्करने नाव. दह्याचे तीन डबे, त्यांच्यावरही नावं. लोणच्याच्या तीन बाटल्या होत्या, त्यातल्या दोन तर एकाच लोणच्याच्या. कुठली पिशवी घ्यावी ते कळेना, म्हणून मी दार उघडं धरून तसाच उभा राहिलो. तेवढ्यात तुमची नागपूरची मैत्रीण आली, 'काका, माझं घ्या ना' म्हणाली आणि तिनेच चहा टाकला. आलं ठेचून घातलं, साखर किती ते विचारलं. तू अंघोळीला गेली होतीस. तिघींच्या शिफ्ट वेगळ्या, जेवायच्या वेळा वेगळ्या, तेव्हा नावं घालावी लागत असतील हे मला समजतं. पण तो चहा पिताना नारायण पेठेतली आमची खोली इतकी आठवली, की परतीच्या गाडीत दुसरं काही सुचलंच नाही.

१९८५ ते ८८ अशी तीन वर्षं मी तिथे राहिलो. वाड्याच्या माडीवर एक खोली, लाकडी जिना, नळ खाली चौकात. आम्ही तिघं रूम पार्टनर. एक कोल्हापूरचा, एक चिपळूणचा. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारायचो, आमचं गाव सासवडच्या पुढचं, म्हणून मी सासवड. मी बीएस्सीला होतो, कोल्हापूर सीएच्या आर्टिकलशिपला, आणि चिपळूण एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचा. उलटी अक्षरं तो आपण सुलटी वाचतो त्याच वेगाने वाचायचा. शाईचे काळे डाग त्याच्या बोटांवरून कधी गेले नाहीत.

तुझी आजी मला रोज डबा पाठवायची. गावात रात्री मुक्कामी एसटी असायची, ती पहाटे सहाला सुटायची. आजी अंधारात उठून भाकऱ्या थापायची आणि डबा कंडक्टरच्या हातात द्यायची. गाडी सासवड करून दिवे घाट उतरून स्वारगेटला यायची, मी सायकलवर जाऊन डबा घ्यायचो आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा परत द्यायचो. स्वारगेटला सकाळी अशा डब्यांची रांगच लागलेली असे. प्रत्येकावर ऑइल पेंटने नाव आणि गाव, झाकण उघडू नये म्हणून वरून सुतळी.

डबा एकाचा होता आणि खाणारे आम्ही तिघं. हे आजीला कुणी सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात तीन भाकऱ्या यायच्या, दिवाळीपर्यंत सात यायला लागल्या. तिला कसं कळलं? चिठ्ठ्यांवरून. चिपळूण छापखान्यातून कागदाच्या कापलेल्या पट्ट्या आणायचा. रिकामा डबा परत पाठवू नये अशी त्याच्या घरची रीत, म्हणून त्याने एकदा चार शेंगदाणे आणि एक चिठ्ठी आत टाकली, 'काकू, पिठलं फार छान होतं.' मग कोल्हापूरने लिहिलं, 'काकू, थोडं तिखट वाढवा.' दुसऱ्या दिवशी भाकरीच्या घडीत हिरव्या मिरचीचा खर्डा आला, असा झणझणीत की कोल्हापूर पाणी पीत पीत खात होता आणि खुशीत होता. आजीला वाचता येत नव्हतं. तुझी आत्या शाळेतून आली की चिठ्ठी वाचून दाखवायची आणि आजी उत्तर डब्यातून द्यायची. चिपळूणने लिहिलं, 'भाताची आठवण येते,' तर तिसऱ्या दिवशी फडक्यात बांधून आंबेमोहोर आला, शेर-दीड शेर. तो संध्याकाळी आम्ही वातीच्या स्टोव्हवर शिजवला. शिजताना त्याचा वास चौकापर्यंत गेला आणि मालकीणकाकू वाटीभर आमटी घेऊन वर आल्या.

या काकूंनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेला. वाड्याचा तळमजला पाण्यात गेला होता. मग दोन महिने वरच्या पेठेत ओळखीच्यांच्या दोन खोल्यांत तीन कुटुंबं राहिली. पुराचं त्या फार बोलत नसत. 'त्या दोन महिन्यांत मी तीन घरच्या आमट्या शिकले' एवढंच म्हणायच्या. त्या दिवशीची आमटी त्यांतलीच एक होती, चिंचेऐवजी आमसुलाची. चिपळूणच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता जे सांगायचं राहिलं होतं ते. तुझ्या आईलाही मी हे अर्धंच सांगितलंय.

रॉकेलच्या रांगेत उभं राहायच्या आमच्या पाळ्या लावलेल्या होत्या. एकदा माझी पाळी असताना मी मॅच बघत बसलो आणि स्टोव्ह कोरडा राहिला. चिपळूणची रात्रपाळी होती, तो चहासुद्धा न घेता गेला. कोल्हापूर मला बोलला, आणि ते बरोबरच होतं. त्यावर मी म्हणालो, "भाकरी माझ्या घरची खाता आणि रॉकेलचा हिशेब मला विचारता?"

त्याने हातातलं ताट खाली ठेवलं. चिपळूणलाही ते कळलंच. त्यानंतर चार दिवस दोघांनी डब्याला हात लावला नाही. भांडले नाहीत, टाकूनही बोलले नाहीत, कोपऱ्यावरून पाव आणून खात राहिले. मी भिंतीकडे तोंड करून दोन भाकऱ्या खायचो. तोच खर्डा, तीच आईच्या हातची भाकरी, आणि घास घशाखाली उतरायचा नाही. उरलेल्या भाकऱ्या डब्यातून परत जायच्या. चिठ्ठी नाही.

पाचव्या दिवशी स्वारगेटला मुक्कामी गाडीतून आजीच उतरली, डबा हातात घेऊन. पुण्याला ती तोवर एकदाच आली होती. सायकल हातात धरून मी तिला चालवत नारायण पेठेत आणलं. जिना चढून आली, खोलीभर नजर फिरवली, तीन ताटं मांडली. "पोरांनो, चार दिवस चिठ्ठी नाही, म्हटलं कुणाला बरं नाही की काय," एवढंच म्हणाली. काय झालं ते विचारलं नाही. दोघं मुकाट्याने येऊन बसले. ती वाढत होती. चिपळूणला तिने तिसरी भाकरी वाढली, तेव्हा तो नको म्हणाला नाही. दुपारच्या गाडीला तिला बसवून आलो आणि जिन्यातच दोघांना गाठून मी माफी मागितली. कोल्हापूर म्हणाला, "उद्या रॉकेलला मी जातो." पाळी माझीच होती.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार सुखाची होती. एका सायकलवर तिघांनी काढलेली. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव रेणुका स्वरूप शाळेच्या मैदानावर रात्रभर चालायचा, शेवटी भीमसेनजी गायचे. थंडी मरणाची. आम्ही तिघं एका रजईत बसायचो, ती रजई चिपळूणच्या आईने जुन्या साड्यांची शिवली होती. कोण मध्ये बसणार यावर दर वर्षी वाद व्हायचा, कारण मधल्याला दोन्हीकडून ऊब. पहाटे गाणं संपल्यावर पायी घरी यायचो, कुणी बोलायचं नाही, आणि स्टोव्हवर चहा उकळेपर्यंत तिघांच्या कानांत तेच सूर असायचे. मे महिन्यात चिपळूण गावाहून फणसपोळी आणायचा. कोल्हापूर ती पुस्तकात लपवायचा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री काढायचा. चव अजून जिभेवर आहे.

कोल्हापूरचा मागच्याच आठवड्यात फोन आला होता, नातवाचं बारसं आहे. चिपळूण २०१९ मध्ये गेला, तुला आठवत असेल, मी तेव्हा रात्रीच्या गाडीने निघालो होतो. त्याच्या घरी भिंतीला टेकून बसलो होतो, तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं, "सासवड ते तुम्हीच का?"

शनिवारी मामा हिंजवडीला येतोय, त्याच्याबरोबर डबा पाठवतो. आईने संक्रांतीच्या गुळपोळ्या जास्तीच्या केल्यात, चोवीस आहेत. सोबत तूप आहे, तिळाची चटणी आहे. नागपूरच्या मुलीला तिखट लागतं असं ती म्हणाली होती, म्हणून लसणीचं तिखट वेगळ्या बरणीत दिलंय. डब्यावर कुणाचंही नाव घातलेलं नाही. गुळपोळ्या फ्रीजमध्ये ठेवू नका, वातड होतात. ओट्यावर झाकून ठेवल्या तर आठ दिवस सहज राहतील.

तुझे,
बाबा