पद्मिनीचं इंजिन खोलायच्या आधी

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आपल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या इंजिनासाठी दिलेल्या एस्टिमेटचा फोटो मिळाला. "फुल इंजिन काम, पार्टसकट, ४५,०००" एवढी एकच ओळ आहे त्यात. इंजिन अजून गाडीत आहे, झाकण उघडलेलं नाही, मग आकडा आला कुठून? मिस्त्री खोटं बोलताहेत असं नाही. गेल्या वेळी कुणाचं तरी जेवढ्यात झालं तेवढं सांगून टाकलं. पण इंजिनाचा खर्च मोजमापावर ठरतो आणि मोजमाप खोलल्याशिवाय होत नाही. म्हणून होकार द्यायच्या आधी हे सगळं वाचा. आई, तू हे पत्र हिशेबाच्या वहीत ठेव, कारण पैसे कधी सोडायचे हे तुझ्या हातात असलेलं बरं.

सगळ्यात आधी, इंजिन उतरवायलाच हवं का ते बघा. चारही प्लग काढून, इंजिन गरम असताना, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजायला सांगा आणि चार आकडे लिहून घ्या. आकडा किती यापेक्षा चारांत फरक किती, हे जास्त बोलतं. एखादा सिलिंडर १५-२० पीएसआयने खाली असेल तर त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) किंवा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) गेलंय. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, म्हणजे वरचं हेड नि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. धुराचंही तसंच. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर निळा धूर येऊन थांबत असेल तर दोष व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत आहे. करूळ घाट चढताना सतत येत असेल तर रिंगा. गाइडचा दोष असेल तर नुसतं हेड उतरवून काम भागतं आणि फुल इंजिनचे पैसे वाचतात.

उतरवावंच लागलं तर पहिला टप्पा फक्त खोलणं, धुणं आणि मोजणं एवढाच ठरवा. त्याची मजुरी वेगळी द्या. या टप्प्याला एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. पिस्टनच्या माथ्यावर साइज कोरलेली असते, बेअरिंगच्या पाठीवर असते. ती बघितली की आधी काय काम झालंय ते कळतं. आपल्या पद्मिनीचं मूळ बोअर ६८ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५, म्हणून १०८९ सीसी. पिस्टनवर ०२० दिसलं तर एकदा वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मि.मी. बोअर मोठं झालेलं आहे. ०४० असेल तर अजून एकदाच वाव आहे, तोही तेवढ्या मापाचा पिस्टन बाजारात मिळाला तर. नाहीतर चारही सिलिंडरला स्लीव्ह (आतून नवी नळी) ठोकून परत स्टँडर्डवर आणायचं. स्लीव्हचा खर्च मिस्त्रींच्या ४५ हजारांत नक्की धरलेला नाही.

बोअर मोजताना डायल गेज प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, आणि दोन दिशांना, आडवी-उभी लावायची. म्हणजे एका सिलिंडरचे सहा आकडे, चारांचे चोवीस. जास्तीत जास्त झीज वरच्या रिंगेच्या जरा खाली असते, तिथे नखाला कडा लागते. तोच प्रकार क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा. त्याला तीन मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) आहेत आणि चार बिग-एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉड बसतात ते. मायक्रोमीटरने लंबगोलपणा बघायचा. दोन थाऊच्या पुढे गेला असेल तर क्रँक घासायला लागणारच.

क्रँकवर थोडं थांबते, कारण महागडी चूक इथेच होते. जर्नल जिथे भिंतीला मिळतो तिथे कोपरा नसतो, छोटी गोलाई असते. ग्राइंडरचं चाक नीट ड्रेस केलेलं (घासून आकारात आणलेलं) नसलं की ती गोलाई जाते आणि काटकोन उरतो. बघायला चकाचक दिसतो. पण ताण त्याच रेषेत गोळा होतो आणि काही हजार किलोमीटरनंतर क्रँक तिथूनच तडकतो. घासून आलेला क्रँक घरी आणला की बोटाचं टोक त्या कोपऱ्यातून फिरवून बघा. धार लागली तर परत पाठवा. आणि ऑइलच्या भोकांच्या कडा मोडलेल्या आहेत ना तेही बघा, नाहीतर नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी खरवडली जाते.

आता क्रम. आधी मोजमाप, मग पिस्टन हातात, मग बोअर. बोअरवाला "०२० करून ठेवतो, तुम्ही पिस्टन आणा" म्हणाला तर नाही म्हणायचं. एकाच साइजच्या दोन कंपन्यांच्या पिस्टनांत फरक असतो आणि पिस्टन नि बोअर यांच्यात ठेवायची फट पिस्टनच्या डब्यावर छापलेली असते. ती दीड-दोन थाऊ इतकी बारीक गोष्ट आहे. बोअर आधी करून ठेवलं आणि पिस्टन जरा बारीक निघाला की थंडीत टकटक. जरा जाड निघाला की पहिल्याच घाटात सीझ, म्हणजे पिस्टन अडकून बसणार. मग पुढची साइज, पुन्हा नवा संच, पुन्हा बोअर. असंच एक काम दोनदा होतं आणि आईच्या वहीत एकच ओळ दोनदा लिहावी लागते.

रिंगेच्या दोन टोकांतला गॅपही मोजायला सांगा. रिंग बोअरमध्ये घालून, पिस्टन उलटा धरून सरळ खाली ढकलायची आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावायचा. बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाऊ हा जुना हिशेब, ६८ मि.मी.ला जवळपास अकरा थाऊ येतात. गॅप कमी पडला तर रिंगेची टोकं गरम झाल्यावर एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडतात. जास्त सुटला तर ऑइल खाणं तसंच राहतं, एवढा खर्च करून.

होनिंग, म्हणजे बोअरला दगडाने बारीक तिरप्या रेघा मारणं, झाल्यावर ब्लॉक धुण्याची रीत बहुतेक ठिकाणी चुकते. रॉकेलने पुसून "झालं" म्हणतात. रॉकेलने दगडाची बारीक पूड त्या तिरप्या रेघांत जाऊन बसते आणि पुढे रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रश, हेच खरं औषध. मग कोरडं करून लगेच ऑइल लावायचं, कारण बीडाला तासाभरात गंज धरतो. शेवटी आईच्या जुन्या पांढऱ्या पातळाचा तुकडा ऑइलमध्ये भिजवून बोअरमध्ये फिरवा. करडा झाला तर पुन्हा धुवा. पांढरा राहीपर्यंत.

ब्लॉक धुताना ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, प्लग काढले का हे विचारा, नव्हे, उभं राहून बघा. ते काढायला कंटाळतात. आतला जुना गाळ आणि बोअरिंगचा किस तिथेच राहतो आणि पहिल्या स्टार्टला सरळ नव्या बेअरिंगमध्ये जातो. पाण्याच्या वाटा बंद करणाऱ्या बाजूच्या वेल्श प्लग डब्या तर सरसकट नव्या टाकायच्या. स्वस्त आहेत, पण नंतर गळली तर इंजिन पुन्हा उतरवायला लागतं.

हेड ॲल्युमिनियमचं आहे. ब्लॉक धुतात त्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत ते चुकूनही टाकू देऊ नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. पाण्याच्या भोकांभोवती खड्डे पडलेले असतील तर आर्गन वेल्डिंग करून मग फेस मारायला, म्हणजे तळ सपाट घासायला, लागेल. सरळ पट्टी ठेवून दोन थाऊचा फीलर खालून जात असेल तर फेस मारणं आलंच. पण आधीच दोन-तीनदा फेस मारलेलं हेड बारीक होत जातं, कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर खडखड सुरू होते. अशा वेळी जाड गॅस्केट किंवा दुसरं हेड. व्हॉल्व्ह सीटही (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) बदलून घ्या, कडक धातूच्या. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर घडली, आणि २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आहे. जुन्या मऊ सीटला शिशाचा आधार होता. तो गेल्यामुळे एक्झॉस्ट सीट आत बसत जाते आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाची) फट हळूहळू मिटते.

आता २० टक्के इथेनॉलचंही आलं. जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरचा डायफ्राम त्याने फुगतात, म्हणून ते सगळे नवे टाका. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लागेल. प्लग काढून बघा: मारी बिस्किटाचा रंग आला तर ठीक, पांढरा पडला तर इंजिन तापतंय.

बाबा, बोअर मोठं करून "जरा दमदार" करायची तुमची इच्छा कळते. पण गणित बघा. एक मि.मी. वाढवलं तरी १०८९ चे ११२२ सीसी होतात, तीन टक्के. गगनबावड्याला ते जाणवणारही नाही. त्याच पैशात पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वजनाला सारखे करून घ्या, आणि क्रँक, फ्लायव्हील, क्लच प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्या. तीन बेअरिंगच्या क्रँकला त्याचा फायदा जास्त, साठच्या पुढची थरथर जाते. प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवायचं कुणी सुचवलं तर मात्र ऐकू नका. माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर सगळं बदलत जातं, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीतल्या नोंदीपेक्षा वेगळं इंजिन चालत नाही. ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासला जाणार नाही याची काळजी घ्या, आधी फोटो काढून ठेवा.

आई, आता हिशेब. हा माझा अंदाज आहे, पक्का आकडा मोजमापानंतरच. पिस्टन-रिंग संच १०,०००. बेअरिंग ४,०००. गॅस्केट आणि सील २,५००. टायमिंग चेन आणि स्प्रॉकेट ३,०००. व्हॉल्व्ह, गाइड, सीट ७,०००. ऑइल पंप आणि वॉटर पंप ५,०००. पार्टचे झाले ३१,५००. मशीनकाम म्हणजे बोअर-होन, क्रँक, हेड, रॉड आणि बॅलन्सिंग, सगळं मिळून १८,५००. मिस्त्रींची मजुरी २०,०००. ऑइल, कूलंट, पाइप, नटबोल्ट, टोइंग ८,०००. इथवर ७८,००० झाले. इंजिन उतरलंच आहे तर क्लच प्लेट, माउंटिंग आणि रेडिएटर करून घ्यायचे, त्याचे १५,०००. रेडिएटर "नंतर बघू" म्हणून सोडू नका. तुंबलेल्या रेडिएटरने गाडी तापते आणि नवं केलेलं हेड पुन्हा वाकतं. एकूण ९३,०००. वर पंचवीस हजार वेगळे ठेव, स्लीव्ह, वेल्डिंग किंवा दुसरं हेड यांतलं एक तरी निघतंच. एक लाख वीस हजार हाताशी नसतील तर यंदा इंजिन खोलू नका. अर्धवट खोललेलं इंजिन पोत्यात पडलं की नटबोल्ट हरवतात आणि बोअरला गंज चढतो.

पैसे चार हप्त्यांत सोड: खोलून मोजमापाचा कागद हातात आल्यावर, पार्ट घेताना थेट दुकानदाराला, मशीनकाम तपासून झाल्यावर, आणि मजुरीतले शेवटचे सात-आठ हजार गाडी ५०० किलोमीटर चालल्यावर.

वेळही धरून ठेवा. मिस्त्री पंधरा दिवस म्हणतील, तीन महिने लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. इतकी वर्षं सुट्या भागांचा बाजार त्या टॅक्स्यांवर चालायचा, आता मागणी हौशी मालकांची तेवढी उरली. जुना साठा मिळतो, पण डबा उघडून बघा, रिंगांवर गंज नको. डुप्लिकेट बेअरिंग घेऊ नका, भले महिना थांबावं लागो.

बांधताना सिलिकॉन सीलंट बोटभर फासू देऊ नका. संपच्या (खालच्या ऑइलच्या टाकीच्या) कडेने बाहेर येतं तेवढंच आतही जातं. आतलं सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं आणि प्रेशर जातं. बेअरिंग कॅपचे नंबर आणि दिशा जुळल्याच पाहिजेत. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने.

पहिल्यांदा सुरू करायच्या आधी प्लग काढून स्टार्टर मारत ऑइल प्रेशर येऊ द्या. सुरू झाल्यावर आयडलवर ठेवू नका. वीस मिनिटं दीड-दोन हजार आरपीएमवर ठेवा, नाहीतर कॅम (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) आणि टॅपेट खाल्ले जातात. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घाला, सिंथेटिक नको. तीनशे किलोमीटरला ऑइल बदला आणि ते निथळताना वर्तमानपत्रावर थोडं ओतून उन्हात बघा. करडी चमक चालेल, तांब्याचे किंवा पितळेचे कण दिसले तर गाडी जागेवर उभी करा आणि मला फोन करा.

बोअरचे चोवीस आकडे आणि क्रँकच्या सातही जर्नलची मापं आली की फोटो पाठवा. तोवर दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका, बाबा, कितीही घाई केली तरी.

तुमची,
धाकटी