प्राणी केवळ स्वप्नातली प्रतीके नव्हेत

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अतिवास्तववादावरील (सरिअलिझम, म्हणजे स्वप्ने आणि अबोध मन यांतून प्रेरणा घेणारी युरोपीय कला-साहित्य चळवळ) लेखात या चळवळीच्या कलाकृतींतील प्राण्यांना केवळ स्वप्नातली प्रतीके म्हटले आहे, ते पटण्यासारखे नाही. उत्क्रांतीचा प्रश्न या वर्तुळात गांभीर्याने चर्चिला जात होता. या वर्तुळातील फ्रेंच लेखक रोजे काय्वा यांनी पॅरिसच्या ‘मिनोतोर’ या नियतकालिकात १९३४ मध्ये प्रार्थनाकीटकावर, म्हणजे आपल्या खंडोबाच्या किड्यावर, आणि १९३५ मध्ये कीटकांच्या अनुकृतीवर, म्हणजे त्यांनी पान-काटकीसारख्या परिसरातील वस्तूंचे रूप घेण्यावर, निबंध लिहिले. अनुकृती करणारे कीटकही पक्ष्यांच्या पोटात सापडतात आणि पर्णकीटक तर एकमेकांनाच पाने समजून कुरतडतात, असे दाखले देऊन अनुकृती ही केवळ बचावासाठीच असते या स्पष्टीकरणालाच त्यांनी आव्हान दिले. त्यांचा निष्कर्ष जीवशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नाही हे खरे, परंतु त्यामागचा प्रश्न कीटकशास्त्राच्या वाचनातून आलेला होता. याच चळवळीतील चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनीही १९२६ मधील आपल्या ३४ चित्रांच्या संचाला ‘निसर्गेतिहास’ असेच नाव दिले होते, आणि दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांचा १९३० मधील ‘लाज दोर’ (सुवर्णयुग) हा चित्रपट विंचवांवरील माहितीपटाच्या दृश्यांनीच सुरू होतो. लेखाचा पुढील भाग प्रसिद्ध होणार असल्यास त्यात ही बाजू अवश्य यावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे