यादीत नसलेले गुडघे : कामगार मंत्र्यांना अंबडहून खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सादर नमस्कार.

नाशिकमध्ये अंबडला माझा फॅब्रिकेशनचा छोटा गाळा आहे. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याच्या शेडचे ट्रस अशी कामं करतो. मला धरून चार माणसं. कागदोपत्री मी मालक, पण वेल्डिंगचा होल्डर दिवसभर माझ्याही हातात असतो. छप्पन्नाव्या वर्षी तो खाली ठेवायची सोय नाही आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. काम येतं, गिऱ्हाईक टिकून आहे. कुरकुर फक्त शरीराची आहे, आणि त्याबद्दलच लिहितोय.

कर्ज किंवा अनुदान मागायला हे पत्र नाही. पेन्शन मागायलाही नाही, तिची तर वेळच गेली. श्रमयोगी मानधन योजना २०१९ साली आली तेव्हा तिच्यात शिरायचं वय १८ ते ४० ठेवलं होतं, म्हणजे ज्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते ते सगळे दाराबाहेर. माझं म्हणणं एवढंच आहे की कारागिराचं शरीर सरकारला दोनच वेळा दिसतं, अपघात झाल्यावर आणि माणूस गेल्यावर. मधली तीस वर्षं ते झिजत असतं, त्याची नोंद कुणाच्याच रजिस्टरात नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाला जोडलेली एक अनुसूची होती. ज्या आजारांची खबर सरकारला देणं बंधनकारक, अशा २९ आजारांची ती यादी. कामगारांच्या सुरक्षेच्या नव्या संहितेतही ती जवळपास तशीच उतरली. त्यात शिसं, पारा, आर्सेनिकची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. गुडघा, कंबर, खांदा, मनगट यांचा पत्ता नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली सुधारलेल्या यादीत मात्र हाडं-स्नायूंच्या आजारांचा वेगळा भाग आहे. गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसून काम केल्याने गुडघ्याच्या गादीला होणारी इजासुद्धा त्यात वेगळी नोंदवलेली आहे. आपल्याकडे "वय झालं आता" म्हटलं की विषय संपतो.

ही झीज बघायची असेल तर साहेब, कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभे राहा. गेटची चौकट जमिनीवर पसरलेली असते. कारागीर उकिडवा बसतो, डाव्या हातात डोळ्यांपुढे धरायची काळी काच, उजव्यात होल्डर, मान पुढे काढलेली. चार टाके मारतो, बसल्या बसल्याच पुढे सरकतो, पुन्हा चार टाके. उठताना एक तळवा मांडीवर रेटतो आणि दुसरा हात आधाराला काहीतरी शोधतो. मग ग्राइंडर. त्याची थरथर तासन् तास मुठीतून कोपरापर्यंत जाते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की मुंग्या येऊन जरा मोकळं वाटतं. करंगळी सहसा शाबूत असते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. डॉक्टर हे ऐकून मनगटातली दबलेली नस लगेच ओळखतो, पण त्याच्यापर्यंत जातो कोण? डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा आला की बोटं पांढरी पडतात. मूळ ग्राइंडरच्या थरथरीत असतं, पण त्यालाही आम्ही थंडीच समजतो.

त्यातच चाळिशी लागते. जवळचं नीट दिसेनासं झालं की माणूस जॉबवर, म्हणजे हातातल्या कामावर, आणखी वाकतो. मानदुखीवर मलम चोळत राहतो, चष्म्याचा नंबर मात्र काढत नाही.

वजनाचंही सांगतो. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, म्हणजे सहा मीटरची अख्खी लांबी २७ किलो. आमच्याकडे ती एकटा माणूस खांद्यावर टाकून जिना चढतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने वजन उचलण्याचं एक सूत्र दिलं आहे. वजन अंगाला लागून, कमरेच्या उंचीवर, अंगाला पीळ नाही, पकड चांगली, असं सगळं मनासारखं असलं तरी त्या सूत्रातली मर्यादा २३ किलोच्या वर जात नाही. आणि आपली सिमेंटची गोणी ५० किलोची. गवंड्याच्या हाताखालचा माणूस ती पाठीवर घेऊन परांची चढतो, तेव्हा त्याचं वय कुणी विचारत नाही.

आमच्या गाळ्यात आम्ही एक साधी गोष्ट केली. उरलेल्या चौकोनी पाइपांच्या घोड्या, म्हणजे जॉब ठेवायचे स्टँड, बनवल्या, कमरेच्या पट्ट्याच्या जरा खाली येतील एवढ्या उंच. जॉब जमिनीवरून वर आला. पोरांनी आधी नाकं मुरडली, कारण घोडीवर जॉब चढवायला दोघं लागतात आणि घाईच्या वेळी दुसरा हात रिकामा नसतो. आता घोडी कुणी पळवली तर भांडणं होतात. खर्च म्हणाल तर जो माल भंगारात जाणार होता तोच लागला. असल्या गोष्टी प्रत्येक गाळ्यात होऊ शकतात, फक्त येऊन बघणारं आणि सांगणारं कुणीतरी पाहिजे.

"दिवसभर घाम गाळतोस, तुला वेगळ्या व्यायामाची काय गरज?" हा टोमणा प्रत्येक कारागिराने ऐकलाय, काहींनी तर डॉक्टरकडूनच. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून जास्त लोकांचा अभ्यास २०२१ साली छापून आला. फुरसतीत व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी दिसला, आणि कामावर शरीर राबवणाऱ्यांना तो उलट जास्त दिसला. मला यात नवल वाटलं नाही. तालमीत जाणारा तासभर घुमतो, मग आराम करतो, खातो, झोपतो. आमचा भार दिवसभर थोडा थोडा, त्याच त्या स्नायूंवर, रक्तदाब चढता ठेवणारा, आणि अंग सावरायच्या आत पुन्हा सकाळ. आम्हाला व्यायाम लागतो तो कामाच्या उलट दिशेचा. वाकणाऱ्याला मागे ताणणारा, मुठी आवळणाऱ्याची बोटं उघडणारा, मांड्यांना बळ देणारा, म्हणजे उठताना भार गुडघ्यावर येणार नाही. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर सकाळचे व्यायाम लागतात आणि आजही तिथे बांधकामाच्या साइटवर मुकादमापासून मजुरापर्यंत सगळे ओळीत उभे राहून ते करतात. आपण योगदिनाला मैदानं भरवतो. त्यात हातावर घट्टे असलेली माणसं किती असतात, हे एकदा मंचावरून खाली बघून मोजावं.

या सगळ्यावर आमचा इलाज काय, तर मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी. दुखलं की सकाळी एक, काम जड असेल तर दुपारी आणखी एक. डायक्लोफेनॅकसारखी गोळी महिनोन् महिने घेतली की पोट बिघडतं, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं धोक्यात येतात. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही असा कायदा आहे, पण तो काउंटरवर दिसत नाही. वेल्डिंगच्या धुरावर उतारा म्हणून गूळ खायची पद्धतही अजून जिवंत आहे. गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात, दोघांची गाठ पडायची कशी? गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, दुसऱ्या दिवशी उतरतो, म्हणून माणूस तो विसरून जातो. वेल्डिंगच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली ठरवलं, त्यानंतरही आमच्या लाइनीतल्या बऱ्याच दुकानांत साधा एक्झॉस्ट पंखा नाही.

दुखऱ्या खांद्याला खरं औषध विश्रांतीचं. पण आमच्याकडे विश्रांती म्हणजे हाजरी बुडणार. इथेच ज्याला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, आहे आणि ज्याला नाही, त्यांच्यातला फरक कळतो. ईएसआय असलेल्या कामगाराला आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळू शकतो, सातपूरला दवाखानाही आहे. महिना १८ हजार पगार असलेल्या माणसाचे यात १३५ रुपये जातात आणि मालकाचे ५८५. सामाजिक सुरक्षा संहितेने दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांनाही स्वेच्छेने यात यायला वाट ठेवली आहे. चांगलं आहे, पण ती वाट आमच्या लाइनीत किती जणांना माहीत आहे? ईएसआय केंद्राची योजना आहे हे मला कळतं. तरी आपल्या खात्याने अंबड-सातपूरला टेबल टाकून मराठीत अर्ज भरून घेतले तर दिल्ली काही रागावणार नाही.

आता मूळ मागणीवर येतो. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा केंद्राने जाहीर केलं की चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची. त्या चारांतली आरोग्य आणि सुरक्षेची संहिता साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होते. नाशिकमधले लोहार, सुतार, वेल्डर, प्लंबर, गाड्यांचे मिस्त्री, तांबट आळीतले उरलेसुरले कारागीर, यांच्यातले बहुतेक दोन-चार हातांच्या दुकानात किंवा एकटे काम करतात. शिवाय माझ्यासारखे स्वतः राबणारे मालक आहेतच. म्हणजे ज्यांना तपासणीची गरज सगळ्यात जास्त, तेच नेमके बाहेर राहिले.

त्यांच्यासाठी राज्याने स्वतः तपासणी सुरू करावी, आणि पहिला प्रयोग नाशिकला करावा. नाशिकच का, याला कारण आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच शहरात, म्हसरूळला आहे. राज्यातली बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. शेवटच्या वर्षानंतर मुलं इंटर्नशिप करतातच. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना शिक्षकांसोबत अंबड आणि सातपूरला पाठवता येईल. दुकानं मिटल्यावर, साडेसहानंतर. सकाळी अकराला कॅम्प ठेवला तर कुणी येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. तपासणी म्हणजे बीपी, शुगर, वजनकाटा आणि बॅनरखाली फोटो, असंही नको. गुडघा वाकतो किती, मुठीत जोर किती उरलाय, खांद्याच्या वर हात जातो का, जवळचं दिसतं का, ऐकू किती येतं, फुप्फुसात हवा किती मावते हे बघावं. आणि त्या माणसाला त्याच्या कामाला लागू पडतील असे दोन-तीन व्यायाम करून दाखवावेत. कागद हातात देऊन पाठवू नये, तो दुपारी भेळेखाली जातो.

आयटीआय आपल्या खात्याकडे नाही, कौशल्य विकासाकडे आहे, पण मंत्रिमंडळात आपण शेजारी बसता. सातपूरच्या आयटीआयमधून दरवर्षी वेल्डर, फिटर, टर्नर बाहेर पडतात. मशीनला तेल कुठे द्यायचं हे त्यांना पाठ असतं. वजन उचलताना कंबर कशी ठेवायची, जॉब किती उंचीवर घ्यायचा हे अठराव्या वर्षी अंगवळणी पडलं तर पन्नाशीत त्याचा फायदा दिसेल. अभ्यासक्रम दिल्लीहून येतो हे माहीत आहे, पण सकाळच्या हजेरीनंतरची दहा मिनिटं प्राचार्यांच्या हातात असतात.

राहिला सिंहस्थ. २०२७ च्या पर्वासाठी शहरभर कामं निघाली आहेत आणि ती वेळेच्या दडपणाखाली होणार हे २०१५ ला आम्ही पाहिलं आहे. घाईत साठीचा गवंडीही डबल पाळी करतो. त्या कामांच्या कंत्राटात दोन-तीन ओळी वाढवायला फार वेळ लागणार नाही: पन्नास किलोची गोणी एकट्याने उचलायची नाही, दोघं किंवा ट्रॉली. वेल्डिंगचा जॉब जिथे शक्य आहे तिथे घोडीवर घ्यायचा. सकाळी कामाच्याच वेळेत दहा मिनिटं व्यायाम, हाजरी न कापता. बांधकाम कामगार मंडळ सुरक्षा संच देतं, घरासाठी भांडीही देतं. त्यात गुडघ्यांना बांधायचे पॅड असावेत. भांडी नकोत असं म्हणत नाही, आमच्या घरांतून त्यांचं कौतुकच झालंय.

फिजिओथेरपीच्या संध्याकाळसाठी जागा शोधत बसायला नको, माझा गाळा साडेसहानंतर मोकळा असतो. दिवे, पंखा, बाकडी आहेत. झोपवून तपासायला टेबल लागेल, ते आम्ही बनवून ठेवतो, उंची तेवढी विद्यापीठाने कळवावी.

आपला,
अंबडमधील एक वेल्डर, नाशिक