विषय : स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी वापरण्याची सोय नसल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

आमची सहकारी बँक आपल्या पायथन लायब्ररीची सशुल्क ग्राहक आहे. शाखांमध्ये स्कॅन होणारी कागदपत्रं मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर पाठवायला आम्ही ती वापरतो. हा सर्व्हर फक्त अंतर्गत नेटवर्कवर आहे. त्याच्या नावाला सार्वजनिक अथॉरिटी (सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था) सर्टिफिकेट देतच नाहीत, म्हणून ते आमच्याच अथॉरिटीने दिलेलं आहे.

आमच्या अथॉरिटीचं रूट, म्हणजे मुळाशी असलेलं, सर्टिफिकेट प्रत्येक मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बसवलेलं आहे आणि ब्राउझर विनातक्रार चालतो. आपली लायब्ररी मात्र पॅकेजमधून आलेली विश्वासार्ह अथॉरिटींची यादीच तेवढी मानते आणि ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ (सर्टिफिकेट देणारी अथॉरिटी सापडत नाही) म्हणत जोडणी तोडते. ही यादी असलेल्या पॅकेजमधल्या पेम फाइलच्या शेवटी आमचं रूट चिकटवलं की काम चालतं. पण अपडेट आलं की ती फाइल बदलते आणि सकाळी सगळ्या शाखांचे फोन सुरू होतात.

यावर आपल्या सपोर्टने लेखी कळवलं, ‘व्हेरिफाय फॉल्स करा’, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणीच बंद करा. या उत्तराचा मला मनापासून राग आला. तपासणी बंद केल्यावर एन्क्रिप्शन राहतं, पण पलीकडे कोण आहे ते कळत नाही. मध्ये बसलेला कुणीही स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करेल आणि खातेदारांचं आधार, पॅन, सह्यांचे नमुने त्याच्या हाती जातील. सुरक्षा बंद करायचं बटण आपण दिलंत, ती नीट वापरायची सोय दिली नाहीत.

स्वतःचं रूट देण्याची सोय इतर साधनांत आहे : कर्लमध्ये ‘सीएसर्ट’ आहे, गिटमध्ये ‘एसएसएलसीएइन्फो’ आहे, नोडला तर एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून जादा रूट देता येतं. आपणही क्लायंट तयार करताना फाइलचा पत्ता घ्यावा आणि सिस्टिमची यादी वाचण्याचा पर्याय द्यावा. आमचं रूट मूळ यादीत जमा व्हावं, तिच्या जागी येऊ नये. बाहेरच्या सेवाही आम्ही याच लायब्ररीतून वापरतो. यादीतून एखाद्या अथॉरिटीचं नाव वगळताही आलं पाहिजे. 2011 मध्ये डिजिनोटार या डच अथॉरिटीत घुसखोरी होऊन गुगलच्या नावाची बनावट सर्टिफिकेटं निघाली. तसं पुन्हा घडलं, तर आम्ही आपल्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहत बसायचं का?

ही सोय कोणत्या आवृत्तीत, कोणत्या तारखेला देणार ते लेखी कळवावं. तोवर परवान्याचं नूतनीकरण थांबवण्याची शिफारस मी व्यवस्थापनाकडे केली आहे.

आपली विश्वासू,
माहिती तंत्रज्ञान विभाग